आरोग्यशिक्षण घडवणाऱ्या मालिका, लघुपट आणि चित्रपटांचा गौरव : कसोटी कोणती असावी?

शब्दवेल (धागाकर्ती)

नमस्कार. एका विद्यार्थी संघटनेने आरोग्य या विषयावरील कथात्मक लघुपटांची स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षक मंडळात मला घेतले आहे. माझे शिक्षण साहित्याचे. वैद्यकाशी माझा संबंध आला तो केवळ रुग्णाची नातेवाईक म्हणून. गुणपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि त्यापाशीच मी अडले आहे.

आयोजकांच्या कच्च्या मसुद्यात १०० पैकी ४० गुण विषयाच्या निवडीला, ४० सादरीकरणाला आणि २० 'संदेशाला' आहेत. विषय गंभीर निवडला एवढ्यावर ४० गुण द्यावेत, हे मला पटत नाही. कर्करोगावर लघुपट काढला म्हणून तो आपोआप कौतुकास पात्र ठरत नाही. उलट त्यात चुकीची माहिती असेल, तर न काढलेला बरा.

अमेरिकेत २००० सालापासून दूरचित्रवाणीवरील आरोग्यविषयक कथानकांना 'सेंटिनेल' पुरस्कार दिले जातात. तेथील पद्धत मला विचार करण्याजोगी वाटली. प्रवेशिकेतील माहिती अचूक आहे की नाही हे आधी त्या त्या विषयाचे तज्ज्ञ तपासतात आणि त्यानंतर मनोरंजन, सार्वजनिक आरोग्य आणि अध्यापन या क्षेत्रांतील परीक्षक ती कथा रंजक किती आणि प्रेक्षकाच्या उपयोगाची किती, हे पाहतात. म्हणजे अचूकता ही दारावरची अट झाली आणि गुण त्यापुढचे.

माझे दोन प्रश्न आहेत. अचूकतेला गुण द्यावेत, की ती पात्रतेची अट ठेवावी? आणि प्रेक्षकावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे परीक्षकांनी पाहावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निरामय

धागा महत्त्वाचा आहे. मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : अचूकता ही अटच असावी.

कारण सांगतो. १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन त्याला पुन्हा जिवंत करण्याचे प्रसंग अमेरिकेतील तीन लोकप्रिय कार्यक्रमांत कसे दाखवले जातात, हे त्यात मोजले होते. असे ६० प्रसंग आढळले. त्यांतील ७५ टक्के रुग्ण पडद्यावर त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के घरी गेले असावेत असे कथेवरून दिसत होते. प्रत्यक्षातले प्रमाण याच्या आसपासही नसते, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांचा पुढचा काळ कठीण जातो.

आता हे चित्र मनात घेऊन एक मुलगा माझ्यासमोर बसतो. त्याचे वडील शेवटच्या अवस्थेत आहेत, आणि हृदय थांबलेच तर छातीवर दाब द्यायचा की शांतपणे जाऊ द्यायचे, हा निर्णय त्याला घ्यायचा आहे. "डॉक्टर, एकदा करून तर बघा, माणूस उठून बसतो," असे तो म्हणतो तेव्हा ते वाक्य त्याचे नसते, ते त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले दृश्य बोलत असते. त्याची समजूत बदलायला माझ्याकडे जेमतेम वीस मिनिटे असतात. म्हणून चुकीचे दृश्य कितीही उत्कंठावर्धक असले तरी त्याला 'आरोग्यशिक्षणाचा' पुरस्कार मिळू नये. उत्कंठेसाठी इतर पुरस्कार पुष्कळ आहेत.

कथासूत्र

डॉक्टरांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण लेखकाच्या बाजूने काही मांडतो. मी मालिकांसाठी पटकथा लिहितो.

अचूकतेचा अर्थ 'प्रत्येक तपशील पाठ्यपुस्तकाप्रमाणे' असा घेतला, तर कथा उभीच राहणार नाही. तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागत असतील, तर ते आठ दिवस मी एका दृश्यबदलात ओलांडणारच. तीन विशेषज्ञांचे काम मी एका डॉक्टरच्या पात्राकडे देणारच, कारण प्रेक्षकाने तीन नवे चेहरे लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा करता येत नाही.

दुसरे असे की शिकवण्याचा आग्रह वाढला की प्रेक्षक उठून जातो. याचा धडा भारतीय दूरचित्रवाणीने फार पूर्वी घेतलेला आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा कुटुंबनियोजनाचा उपदेश त्यात उघड होता. पहिल्या तेरा भागांनंतर तो सौम्य करावा लागला, कथा कुटुंबातील नात्यांकडे वळली आणि मगच ती घराघरांत पोहोचली. पुढे ती १५६ भाग चालली. संदेशाला २० गुण ठेवले की स्पर्धक शेवटच्या मिनिटात एखाद्या पात्राच्या तोंडी भाषण घालणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

शब्दवेल

@कथासूत्र, भाषणाचा मुद्दा पटला. 'संदेश' हा शब्दच गुणपत्रिकेतून काढावा असे वाटू लागले आहे. मात्र 'हम लोग'मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत असत, तेही एका अर्थी भाषणच होते ना?

कथासूत्र

होते, पण ते कथेच्या बाहेर होते. पात्रांनी आपापले आयुष्य जगायचे आणि त्यावर बोलायचे ते एका वडीलधाऱ्या, विश्वासू माणसाने, अर्ध्या-पाऊण मिनिटात, तेही बहुधा प्रश्न विचारून. पात्रालाच पत्रक वाचायला लावणे निराळे.

श्रवणभक्त

मी आकाशवाणीच्या पिढीचा आहे, म्हणून चर्चा जरा रेडिओकडे नेतो.

या सगळ्या प्रकाराची शिस्तबद्ध मांडणी केली ती मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी. १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर त्यांनी दीर्घ मालिका केल्या. त्यांच्या पद्धतीत तीन प्रकारची पात्रे असतात : चांगल्या वर्तनाचे फळ मिळणारे, वाईट वर्तनाची किंमत मोजणारे आणि या दोहोंच्या मध्ये डळमळणारे. या तिसऱ्या पात्रातच खरी किमया आहे, कारण प्रेक्षक स्वतः डळमळतच असतो. ते पात्र चुकते, परत फिरते, पुन्हा चुकते आणि महिन्यांमागून महिने हळूहळू बदलते.

टांझानियात १९९३ पासून 'ट्वेंडे ना वाकाती' ही स्वाहिली रेडिओ मालिका प्रसारित झाली. तिच्यात म्क्वाजू नावाचा ट्रकचालक आहे. प्रवासात तो अनेक स्त्रियांशी संबंध ठेवतो आणि अखेर त्याला एड्स होतो. त्याची बायको टुनू मात्र स्वतःच्या पायावर उभी राहते. या मालिकेबाबत आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक केली गेली. डोडोमा भागात सुरुवातीची दोन वर्षे ती मालिका ऐकवलीच गेली नाही, त्यामुळे ऐकणारे आणि न ऐकणारे यांची तुलना करता आली आणि ऐकणाऱ्या भागांत कुटुंबनियोजनाचा स्वीकार अधिक झाल्याचे दिसले.

शब्दवेल ताई, तुमचे लघुपट दहा-पंधरा मिनिटांचे असतील. त्यांना डळमळणाऱ्या पात्राचा पूर्ण प्रवास दाखवणे अवघड आहे, पण डळमळण्याचा एक क्षण प्रामाणिकपणे दाखवता येतो. परीक्षकांनी तो शोधावा.

मोजदाद

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. परिणाम मोजता येतो, आणि मोजलाही गेला आहे. तेव्हा 'कलेचा परिणाम कसा मोजणार' असे म्हणून तो प्रश्न बाजूला टाकू नये.

२००८ मध्ये 'ग्रेज ॲनाटॉमी' या अमेरिकी मालिकेच्या एका भागात एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीचे कथानक होते. योग्य उपचार घेतले तर बाळ निरोगी जन्मण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते, ही माहिती त्यात गुंफलेली होती. कैसर फॅमिली फाउंडेशनने प्रेक्षकांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. भागापूर्वी हे उत्तर १५ टक्के प्रेक्षकांना ठाऊक होते, भागानंतर ६१ टक्क्यांना, आणि सहा आठवड्यांनी ४५ टक्क्यांना.

मला यातला तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही विसरले गेले हे खरे, पण सुरुवातीच्या तिप्पट लोकांच्या ते लक्षात राहिले, आणि एका तासाच्या करमणुकीने एवढे केले. पत्रके वाटून हे साधायचे तर किती पत्रके लागली असती, याचा विचार करावा.

पाऊलखूण

@मोजदाद, माहिती लक्षात राहणे आणि पाऊल उचलणे यांत अंतर आहे. धूम्रपान वाईट हे कोणाला ठाऊक नसते?

मोजदाद

अंतर आहेच, पण ते ओलांडल्याची उदाहरणेही आहेत. २००१ मध्ये 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' या मालिकेतील एका तरुणाला एचआयव्हीचे निदान होते, तो आपल्या जोडीदाराला ते सांगतो आणि उपचार घेत जगायचे ठरवतो. भाग संपताच पडद्यावर मदतवाहिनीचा क्रमांक दाखवला गेला आणि त्या वेळी क्रमांकावर येणाऱ्या दूरध्वनींची संख्या एकदम वाढली. फोन उचलून क्रमांक फिरवणे हे पाऊलच आहे.

निरामय

दुसरी बाजूही नोंदवतो. त्याच २००१ साली ब्रिटनमधील 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेतील अल्मा हे पात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावते. इंग्लंडच्या वायव्य भागात त्यानंतर या कर्करोगाच्या चाचण्यांमध्ये २१ टक्क्यांची वाढ नोंदवली गेली. ऐकायला हे उत्तम वाटते, पण अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला : आलेल्या स्त्रिया कोण होत्या? ज्यांची चाचणी राहून गेली होती त्या आल्या, की नियमित येणाऱ्याच घाबरून मुदतीआधी आल्या? प्रयोगशाळांवर एकाएकी पडलेला भार आणि सर्वांनाच लांबलेली अहवालाची प्रतीक्षा, हाही त्या कथेचाच परिणाम होता.

भीतीने गर्दी जमते. ज्याने यायला हवे तोच आला का, हे परीक्षकांनी पाहिले पाहिजे.

शुश्रूषा

इतका वेळ वाचत होते. आता लिहिल्यावाचून राहवत नाही. मी परिचारिका आहे आणि श्वसनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षे काम केले आहे.

वर कथासूत्र यांनी लिहिले की प्रत्येक तपशील पाठ्यपुस्तकासारखा नको. मान्य. पण कोणता तपशील सैल सोडायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याची एक साधी खूण माझ्याकडे आहे : प्रेक्षक जी गोष्ट स्वतःच्या हाताने करणार आहे, ती चुकता कामा नये. अहवाल आठ दिवसांऐवजी दोन दिवसांत आला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पण इन्हेलर कसा घ्यायचा, हे पाहून माणूस तसाच घेतो.

पडद्यावरचा दम्याचा झटका आठवून पाहा. नायिका धापा टाकत पर्स उपडी करते, इन्हेलर सापडतो, ती तो तोंडासमोर धरून दोनदा दाबते, लगेच श्वास सोडते आणि पुढच्या क्षणी बोलू लागते. त्या दृश्यात औषध बहुतेक जिभेवर आणि हवेत गेलेले असते. प्रत्यक्षात इन्हेलर आधी हलवायचा, मग श्वास पूर्ण सोडायचा, ओठ तोंडीभोवती घट्ट मिटायचे, श्वास सावकाश आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचे, आणि मग श्वास दहापर्यंत अंक मोजत रोखून धरायचा. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागत नाही.

माझ्याकडे एक चौदा वर्षांची मुलगी येत असे. औषध बरोबर, मात्रा बरोबर, तरी रात्रीचा खोकला थांबत नव्हता. तिला मी सहज म्हटले, "कशी घेतेस, मला दाखव पाहू." तिने डोळे मिटले, मान मागे टाकली, दोनदा भराभर दाबले आणि एक लांब सुस्कारा सोडला. मी विचारले, हे कोणी शिकवले. म्हणाली, "असेच घेतात ना? मालिकेत तशीच घेते ती." तिला नवीन औषध लागले नाही. पद्धत बदलली आणि पुढच्या खेपेला तिची आई म्हणाली की घरात सगळ्यांनाच झोप लागते आहे.

त्या अभिनेत्रीला कोणीतरी दहा सेकंद श्वास रोखायला सांगितले असते, तर त्या दृश्यातला ताण कमी झाला असता का? मला तर वाटते वाढला असता. सगळे घर तिच्याकडे पाहत उभे आहे आणि ती श्वास रोखून मोजते आहे.

कथासूत्र

शुश्रूषा ताई, हे शेवटचे दृश्य मी तुमच्या अनुमतीने वापरणार आहे. आणि माझे मत दुरुस्त करतो. 'प्रेक्षक जे स्वतःच्या हाताने करणार आहे ते चुकता कामा नये' ही रेषा लेखकाला पाळता येण्यासारखी आहे. तज्ज्ञ आम्हाला बहुधा चुकांची लांबलचक यादी देतात आणि त्यातले जीवघेणे काय व किरकोळ काय, हे सांगत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळीच यादी बाजूला ठेवतो.

शब्दवेल

शुश्रूषा ताई, मनापासून आभार. ही अट मी जशीच्या तशी गुणपत्रिकेत घेते आहे. अपस्माराचा झटका, भाजणे, पाण्यात बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचे, अशा दृश्यांनाही ती लागू होईल ना?

शुश्रूषा

अर्थात. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा किंवा कापड कोंबण्याचे दृश्य तर एकदाही दिसू नये. त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

मनोगती

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. शुश्रूषा यांच्या नियमाला एक जोड सुचवते. काही तपशील अचूक असणेच घातक असते.

१९९६ मध्ये ब्रिटनमधील 'कॅज्युअल्टी' या रुग्णालयीन मालिकेत एका पात्राने औषधाचा अतिडोस घेतल्याचे दाखवले होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यानंतर रुग्णालयांतील नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला विषबाधा करून घेतलेल्या रुग्णांत पहिल्या आठवड्यात १७ टक्के आणि दुसऱ्या आठवड्यात ९ टक्के वाढ आढळली. औषधाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, आणि लघुपटांतही ते नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट व मालिका करणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली आहे. पद्धत दाखवू नये, एकच एक कारण देऊ नये, मृत्यूला उदात्त रूप देऊ नये आणि मदत कोठे मिळते ते सांगावे, असे तिचे सार सांगता येईल.

पण भीतीपोटी विषयच टाळावा, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०१० मध्ये वृत्तपत्रांतील मजकुराचा अभ्यास करून दाखवले की संकटातून निभावून निघालेल्या माणसाची गोष्ट छापून आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे दिसते. मोझार्टच्या संगीतिकेतील पापागेनो हा निराशेच्या टोकावरून तीन मुलांच्या बोलण्यामुळे मागे फिरतो. त्याच्यावरून या परिणामाला 'पापागेनो परिणाम' म्हणतात. निभावून निघणे नाट्यमय नसते, असा समज आहे. माझ्या खोलीत रोज बसणारी माणसे पाहिली, तर तो समज टिकणार नाही. एक जण सहा आठवडे दर मंगळवारी येऊन फक्त खिडकीकडे पाहत बसत असे. सातव्या मंगळवारी त्यांनी विचारले, "खाली ते झाड कसले आहे?" त्या प्रश्नापेक्षा मोठा नाट्यपूर्ण क्षण मी पाहिलेला नाही.

निरामय

@मनोगती, पूर्ण सहमत. अचूकतेची अट म्हणजे 'सगळे दाखवा' असा अर्थ कोणी काढू नये.

पाऊलखूण

परिणामाबद्दलचा माझा आक्षेप थोडा निराळ्या रीतीने मांडतो. 'हम लोग'वर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी संशोधन केले आहे. त्या मालिकेतील भागवंती ही सोशिक आई प्रेक्षकांनी नकारात्मक उदाहरण म्हणून पाहावी अशी योजना होती. पण अनेक प्रेक्षकांना, स्त्रियांनाही, तीच आदर्श वाटली. म्हणजे कर्त्यांना एक सांगायचे होते आणि पाहणाऱ्यांनी दुसरेच घेतले. चार परीक्षकांनी एका खोलीत बसून 'यातून चांगला बोध होतो' असे ठरवले, तर तो बोध त्या चौघांचा झाला. ज्यांच्यासाठी लघुपट काढला, त्यांना काय समजले हे विचारल्यावाचून गौरव कशाचा करायचा?

श्रवणभक्त

पाऊलखूण, तुमच्या या मुद्द्याला उत्तर म्हणून दक्षिण आफ्रिकेतील 'सोल सिटी' आठवली. गार्थ जाफेट या डॉक्टरांनी उभ्या केलेल्या या उपक्रमाची मालिका १९९४ मध्ये प्रथम प्रसारित झाली. संहिता पक्की होण्याआधी ती ज्यांच्यासाठी आहे त्या लोकांना दाखवून, विचारून, बदलून घेण्याची त्यांची रीत होती. घरातील मारहाणीवरच्या १९९९ च्या पर्वात एक प्रसंग आहे. नवरा बायकोला मारतो आहे आणि शेजारी भांडी घेऊन बाहेर येतात व ती बडवू लागतात. कोणी भाषण करत नाही, कोणी मध्ये पडत नाही; फक्त आवाज. 'आम्हाला ऐकू येते आहे' एवढेच त्या आवाजाने सांगितले. पुढे काही वस्त्यांमध्ये लोकांनी प्रत्यक्षात असेच केल्याचे नोंदवले गेले. त्याच वेळी या उपक्रमाने स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांच्या जाळ्याशी हातमिळवणी केली होती, मदतवाहिनी सुरू केली होती आणि रखडलेल्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पाठपुरावाही केला होता.

मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. सामान्य माणसाला करता येईल असे कृत्य दाखवले, आणि ते केल्यावर पुढे जायला रस्ता ठेवला.

कथासूत्र

अशीच एक गोष्ट शब्दाच्या बाबतीत घडली होती. हार्वर्ड विद्यापीठातील जे विन्स्टन यांनी १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांना विनंती केली की पार्टीला निघालेल्या पात्रांपैकी एकाने 'आज मी पिणार नाही, गाडी मी चालवणार' असे नुसते म्हणावे. चार हंगामांत १६० हून अधिक भागांत ते आले, कुठे एका वाक्यात तर कुठे पूर्ण कथानकात. अशा चालकासाठीचा शब्द १९९१ मध्ये इंग्रजी शब्दकोशात दाखल झाला. ज्या लेखकाने ते एक वाक्य लिहिले त्याला कोणता पुरस्कार मिळणार? तो कोणाच्या लक्षातही आला नसेल. म्हणून माझी एक मागणी आहे : लघुपटाच्या गौरवात लेखक आणि वैद्यकीय सल्लागार या दोघांचीही नावे घ्यावीत. मला एका मालिकेच्या वेळी एका वृद्ध फिजिओथेरपिस्टनी तीन दुपारी बसून पक्षाघातानंतर माणूस गुंडी कशी लावतो ते दाखवले होते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. मी आग्रह धरायला हवा होता, तो धरला नाही, आणि ते मला आजही लागून आहे.

मोजदाद

पाऊलखूण यांच्या आक्षेपावर एक व्यवहार्य तोड सुचवतो. अंतिम फेरीतील लघुपट विषयाशी संबंध नसलेल्या वीस-पंचवीस प्रेक्षकांना दाखवावेत. पाहण्याआधी तीन साधे प्रश्न लेखी विचारावेत, पाहिल्यानंतर तेच विचारावेत आणि शक्य झाल्यास महिन्याने पुन्हा विचारावेत. एवढ्या लहान गटावरून टक्केवारी काढू नये, पण एखादा गैरसमज सात-आठ जणांनी घेतला असेल तर तो लगेच दिसेल. 'भागवंती'सारखा घोटाळा पकडायला मोठे सर्वेक्षण लागत नाही.

पाऊलखूण

हे मान्य. शेवटी एक खुला प्रश्नही ठेवावा : 'हे पाहून उद्या तुम्ही काय कराल?' उत्तर कोरे आले, तरी ते उत्तरच आहे.

शब्दवेल

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि काल रात्री गुणपत्रिका नव्याने लिहिली. विषयाच्या निवडीचे ४० गुण पूर्णपणे काढले आहेत. दोन अटी दारावर आहेत : प्रेक्षक जे स्वतःच्या हाताने करणार आहे ते बरोबर असावे, आणि स्वतःला इजा करण्याची पद्धत दाखवलेली नसावी. या तपासणीसाठी आयोजक एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक समुपदेशक यांना बोलावण्यास तयार झाले आहेत. गुणांपैकी ५० कथेला आणि सादरीकरणाला, २० पात्राच्या डळमळण्याच्या खरेपणाला आणि ३० नमुना प्रेक्षकांच्या लेखी उत्तरांना. आयोजकांनी शेवटच्या ३० गुणांवर हरकत घेतली आहे, कारण महिनाभर थांबले तर पारितोषिक समारंभ पुढे जातो. मी समारंभ पुढे ढकलावा असे सुचवले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.

@कथासूत्र, प्रवेशपत्रिकेत सल्लागाराच्या नावासाठी रकाना वाढवला आहे आणि सन्मानचिन्हावरही ते नाव कोरले जाईल.

शुश्रूषा

ताई, तपासणीसाठी परिचारिका बोलावली हे वाचून फार बरे वाटले. एकच विनंती. लघुपट तपासताना आवाज बंद करून एकदा पाहावा. संवाद नसले की हात काय करत आहेत, ते नीट दिसते.

शब्दवेल

तसेच करू. काल पहिला लघुपट आला आहे, मधुमेहावरचा. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर तो आवाज बंद करून पाहिला. मुलगा आजीला इन्सुलिनचे इंजेक्शन देतो आहे आणि सुई टोचून दट्ट्या दाबल्याबरोबर लगेच बाहेर काढतो. आत काही क्षण थांबायला हवे होते का?

शुश्रूषा

हो. दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत सावकाश मोजायचे आणि मगच सुई काढायची, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. त्या मुलांना बाद करण्याआधी एकदा कळवा. तेवढेच दृश्य पुन्हा चित्रित करायला त्यांना एक दुपार पुरेल.